न लिहिलेले आकडे

स्प्रिंग बूटमध्ये पहिलं वेब ॲप्लिकेशन चालवलं की कन्सोलवर शेवटी शेवटी एक ओळ उमटते : टॉमकॅट ८०८० पोर्टवर सुरू झाला. पोर्ट आपण सांगितलेला नसतो. टॉमकॅटच हवा असंही कुठे म्हटलेलं नसतं, वेबचा स्टार्टर तेवढा जोडलेला असतो. सेटिंगची फाइल कोरी. तरी सर्व्हर उभा राहिलेला असतो, दोनशे थ्रेडपर्यंत वाढायचं हे ठरलेलं असतं, एक एमबीपेक्षा मोठी फाइल घ्यायची नाही हे ठरलेलं असतं, सेशन अर्ध्या तासाने संपवायचं हेही ठरलेलं असतं. कोऱ्या फाइलमध्ये एवढं सगळं लिहिलेलं आहे. ही वही त्या न लिहिलेल्या आकड्यांसाठी.

*

पूर्वी टॉमकॅट वेगळा बसवायचा, आपल्या ॲप्लिकेशनची वॉर फाइल बनवायची आणि ती त्याच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये नेऊन टाकायची. एकाच टॉमकॅटमध्ये चार-चार ॲप्लिकेशनं नांदत. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीसारखा कारभार. डबा नेऊन रांगेत ठेवायचा, आधीच्याची ज्वारी आपल्या गव्हात थोडी येणारच, आणि गिरणीचा पट्टा तुटला की अख्ख्या गल्लीची पोळी-भाकरी अडणार. एका ॲप्लिकेशनने मेमरी खाल्ली की उरलेली तीन गुदमरायची.

एम्बेडेड सर्व्हर म्हणजे घरघंटी. टॉमकॅट एक लायब्ररी होऊन आपल्याच जारमध्ये येऊन बसतो. जार उचलायची, जावाच्या एका कमांडवर चालवायची. शेजाऱ्याशी संबंध नाही. पण कोणत्या दळणाला कोणती जाळी लावायची, एका वेळी किती दाणे ओतायचे, हे गिरणीवाल्या काकांना माहीत होतं. घरघंटी घेतली की ते आपल्याला माहीत करून घ्यावं लागतं.

*

थोडा इतिहास, आठवणीत राहावा म्हणून. टॉमकॅट सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी सुरू केला, १९९९ मध्ये तो अपाची फाउंडेशनकडे गेला. जेटी त्याहून जुना, १९९५ चा, ग्रेग विल्किन्स यांचा. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये स्प्रिंगच्या इश्यू ट्रॅकरवर एकाने मागणी नोंदवली की बाहेरचा कंटेनर आणि त्याच्या सेटिंगचा वेगळा अभ्यास न करता, साध्या मेन मेथडपासून वेब ॲप्लिकेशन सुरू करता यावं. त्या मागणीतून स्प्रिंग बूट घडत गेलं. १.० आवृत्ती एप्रिल २०१४ मध्ये आली.

टॉमकॅट काढून जेटी बसवायचा तर बिल्डच्या फाइलमध्ये एक स्टार्टर वगळायचा आणि दुसरा जोडायचा, बस. अंडरटो हा तिसरा पर्यायही बरीच वर्षं होता. बूट ४ ला सर्व्हलेट ६.१ लागतं, ते अंडरटोकडे नव्हतं, म्हणून तो गळला.

*

माझं काम दुधाचं. एका दूध संघासाठी संकलनाचं ॲप्लिकेशन सांभाळते. गावोगावच्या केंद्रांवर सभासद पहाटे आणि संध्याकाळी किटल्या घेऊन येतात. काट्यावर लिटर, मशीनवर फॅट आणि एसएनएफ, मग पावती, मग सभासदाच्या मोबाइलवर एसएमएस. दहा दिवसांनी बिल. एवढाच खेळ, पण तो रोज दोनदा, सगळ्या केंद्रांवर एकाच वेळी रंगतो. दुपारी दोन वाजता आमचा सर्व्हर अक्षरशः झोपलेला असतो, आणि सकाळी साडेसहाला त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते.

म्हणून सरासरीचा आकडा आमच्या उपयोगाचा नाही. सेटिंग करायचं ते साडेसहासाठी.

*

नव्या सर्व्हरवर पहिली पहाट. पाच वाजून वीस मिनिटांनी एका केंद्राच्या सचिवांचा फोन : "ताई, दूध घेतच नाही ओ ते. म्हणतंय, या सभासदाचं कालच्या संध्याकाळचं दूध आधीच जमा आहे."

मला कळेना. सकाळ आहे, संध्याकाळ कुठून आली? फोन चालू असतानाच तीन-चार केंद्रांचे मिस्ड कॉल येऊन गेले. साडेपाचला पुन्हा सचिवांचाच फोन : "आता घ्यायला लागलं बघा आपोआप."

"साडेपाच" हा शब्द कानावर पडला आणि उलगडलं. नवा सर्व्हर यूटीसी वेळेवर होता. आपल्याकडे पहाटेचे ५:२० म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे ११:५०. तारीख कालची, पाळी संध्याकाळची. साडेपाचला तिथे मध्यरात्र उलटली आणि सगळं सुरळीत दिसू लागलं. दुपारपर्यंत दुरुस्ती झाली नसती तर संध्याकाळी पाच ते साडेपाचचं दूध सकाळच्या पाळीत जाऊन बसलं असतं.

वेळेचा पट्टा कुठेही न लिहिणं म्हणजे तो पट्टा मशीनवर सोडणं. जुन्या मशीनवर कुणीतरी भारतीय वेळ लावून ठेवली होती, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

*

त्याच प्रसंगातलं दुसरं टिपण. मी घाईत 'यूजर डॉट टाइमझोन' ॲप्लिकेशनच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहिलं. काही झालं नाही. ती सेटिंग जावाच्या यंत्राची आहे, स्प्रिंगची नाही, आणि ती जावा सुरू करतानाच कमांडवर द्यावी लागते. जॅक्सनचा टाइमझोनही आहे, पण तो जेसनमध्ये वेळ कशी छापायची एवढंच बघतो.

शेवटी कोडमध्ये जिथे जिथे 'आज' विचारला जात होता तिथे तिथे पट्टा उघड सांगितला, आशिया/कोलकाता, आणि तो आमच्याच नावाच्या एका सेटिंगमधून घेतला. आता मशीन कुठलंही असो.

*

८०८० आधीच कुणी धरून बसलेला असेल तर बूट लांबलचक स्टॅकट्रेस अंगावर फेकत नाही. काय झालं ते एका वाक्यात सांगतं आणि काय करता येईल ते दुसऱ्या वाक्यात : तो पोर्ट कोण वापरतंय ते बघून बंद करा, नाहीतर मला दुसरा पोर्ट द्या. चूक झाल्याचा निरोप कसा द्यावा याचा हा वस्तुपाठ आहे. आमच्या ॲप्लिकेशनमधले सगळे एरर मेसेज मी याच साच्यात पुन्हा लिहून काढले. आधी काय झालं, मग काय करायचं.

पोर्ट ० दिला की मोकळा असेल तो पोर्ट घेतला जातो. चाचण्या चालवताना सोयीचं. उणे १ दिला तर वेबचं दार उघडतच नाही.

*

एक सेटिंग किती ठिकाणांहून येऊ शकते? जारच्या आतली फाइल, जार चालवतो त्या फोल्डरमधली फाइल, तिथल्याच कॉन्फिग फोल्डरमधली फाइल, ऑपरेटिंग सिस्टिमचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, जावाची सिस्टिम प्रॉपर्टी, कमांडवर दिलेला शब्द. साधारण याच क्रमाने पुढचा मागच्याला दाबतो. आतल्यापेक्षा बाहेरचा वरचढ, फाइलपेक्षा एन्व्हायर्नमेंट वरचढ, आणि कमांडवर जो बोलला त्याचा शब्द अखेरचा.

ही उतरंड उगाच नाही. जार बनवणारी मी पुण्यात बसलेली, चालवणारा माणूस तिकडे सर्व्हरपाशी. तिथली परिस्थिती त्याला दिसते, म्हणून त्याच्या शब्दाला जास्त वजन.

*

"जार चालवतो त्या फोल्डरमधली फाइल" हे नीट वाचायचं. जार ठेवली आहे तो फोल्डर नव्हे, जिथे उभं राहून चालवली तो. हाताने चालवताना दोन्ही एकच असतात, म्हणून फरक कळत नाही. सर्व्हिस म्हणून सिस्टिमडीच्या हवाली केली आणि वर्किंग डिरेक्टरी सांगितली नाही, तर ती थेट रूटमध्ये उभी राहते. जारशेजारी नीट ठेवलेली फाइल मग कुणी उघडूनही बघत नाही.

*

पोर्टचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल करायचं तर टिंबाच्या जागी अंडरस्कोअर, मधल्या आडव्या रेघा गाळायच्या आणि सगळी अक्षरं कॅपिटल. बूट ते आपोआप जुळवून घेतं.

ही सवलत जितकी सोयीची तितकीच धोक्याची. एकदा फाइलमध्ये मी तीन वेळा आकडा बदलला, तीन वेळा सर्व्हर उठवला, आणि तीनही वेळा जुनाच आकडा चालू. कुणीतरी वर्षापूर्वी सर्व्हरवर तेच व्हेरिएबल लावून ठेवलं होतं. ॲक्च्युएटरच्या 'एन्व्ह' या पत्त्यावर गेलं असतं तर कोणता आकडा कुठून आला हे एका मिनिटात दिसलं असतं. आता सेटिंग लागू होत नाही असं वाटलं की फाइलला हात लावण्याआधी तिथे जाते.

*

चुकीचं नाव लिहिलं तर? 'पोर्ट'ऐवजी 'प्रोट'? बूट तक्रार करत नाही. ज्या नावाला कुणी विचारत नाही ते तसंच पडून राहतं आणि ठरलेला आकडा चालू राहतो.

आवृत्ती बदलताना हे फार महागात पडतं. बूट ३ मध्ये रेडिसच्या सेटिंगच्या नावात 'डेटा' हा शब्द मध्ये आला. जुनं नाव फाइलमध्ये राहिलं तर दुसऱ्या मशीनवरचं रेडिस सोडून ॲप्लिकेशन स्वतःच्याच मशीनवर रेडिस शोधत बसतं. अशा वेळेसाठी प्रॉपर्टीज मायग्रेटर नावाचं मॉड्यूल आहे. स्थलांतरापुरतं जोडायचं, ते जुनी नावं शोधून लॉगमध्ये सांगतं, काम झालं की काढायचं.

*

एकक लिहायचं. नेहमी.

जुन्या वेब डॉट एक्सएमएल फाइलमध्ये सेशनची मुदत मिनिटांत असे. तिथे ३० लिहिलं की अर्धा तास. जुनं ॲप्लिकेशन बूटवर आणताना आमच्यापैकी एकाने तोच ३० इकडे उचलून लिहिला. बूटमध्ये ही मुदत एककाशिवाय लिहिली तर सेकंद धरले जातात. टॉमकॅट मात्र मिनिटांत मोजतो, आणि एका मिनिटाखाली जाता येत नाही, म्हणून तीस सेकंदांचं एक मिनिट होतं.

केंद्रावर काय व्हायचं ते जाऊन पाहिलं. सचिव एका सभासदाची नोंद करतात. पुढची किटली येते, दूध ओततात, मशीनमध्ये नमुना धरतात, फॅटचा आकडा स्थिर व्हायची वाट पाहतात, संगणकाकडे वळतात, तर समोर लॉगिनचा पडदा. पुन्हा पासवर्ड. मागे रांग. एका सकाळी एका माणसाने तोच पासवर्ड किती वेळा टाकला असेल, ते मी तिथे उभं राहून मोजू शकले नाही.

'३०' च्या पुढे 'एम' लिहिला आणि रांग हलली.

*

सभासद नोंदणीत बँक पासबुकचा फोटो जोडायचा असतो. आजच्या मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा सहज असतो. बूटची मर्यादा एका फाइलला १ एमबी, पूर्ण विनंतीला १० एमबी. ती वाढवली. तरी फोटो जाईना.

पुढे एनजिनएक्स उभा होता, आणि त्याचीही न लिहिलेली मर्यादा १ एमबीच. दोन दारं, दोन्हींची उंची सारखी. आतलं उंच केलं तरी बाहेरचं डोक्याला लागणारच.

निरोपातला फरक इथे कामाला येतो. ४१३ दिसला तर आधी एनजिनएक्सकडे बघायचं. ब्राउझर म्हणाला की कनेक्शनच तुटलं, तर टॉमकॅटकडे. कारण मर्यादेबाहेरचं सामान तो २ एमबीपर्यंतच गिळून टाकतो, त्यापुढे दार लावून घेतो, आणि आपण नीट लिहिलेला एरर मेसेज माणसापर्यंत पोचतच नाही.

*

आता सगळ्यात मोठं टिपण.

टॉमकॅटचे थ्रेड जास्तीत जास्त २००. हिकारी हा कनेक्शनचा पूल, त्यात डेटाबेसची कनेक्शनं जास्तीत जास्त १०. हे दोन्ही आकडे आम्ही कुठेच लिहिलेले नव्हते. दोनशे माणसं आत घ्यायची आणि दहा खुर्च्या मांडायच्या, हे मात्र ठरून गेलं होतं.

दहा खुर्च्या कमी आहेत असं नाही. नोंद वीस मिलिसेकंदांत होत असेल तर एका सेकंदात दहा कनेक्शनांवर पाचशे नोंदी होतात. आमचं शिखर त्याच्या जवळपासही नव्हतं. तरी साडेसहाला लॉगमध्ये ओळ : ३०,००० मिलिसेकंद वाट पाहून कनेक्शन मिळालं नाही.

मी पूल ५० चा केला. ॲप्लिकेशनच्या दोन प्रती चालतात, म्हणजे १००. पोस्टग्रेसची न लिहिलेली मर्यादा १००, त्यातली तीन सुपरयूजरसाठी राखीव. हिकारी पूल भरूनच ठेवतो. दुसरी प्रत उठताना डेटाबेसनेच जागा नाही म्हणून सांगितलं. पहाटेचा एक त्रास होता, त्याचे दोन झाले.

मग शांतपणे बसले आणि एका नोंदीचा प्रवास कागदावर काढला. नोंद जतन : वीस मिलिसेकंद. त्यानंतर त्याच विनंतीत एसएमएसच्या गेटवेला हाक : गर्दीच्या वेळी दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत डेटाबेसचं काही काम नाही. मग कनेक्शन कुणाकडे?

आपल्याकडेच. जेपीएमध्ये 'ओपन इन व्ह्यू' नावाची सेटिंग आपोआप चालू असते. विनंती पूर्ण संपेपर्यंत ती सेशन उघडं ठेवते, आणि एकदा घेतलेलं कनेक्शन तोवर हातातून सुटत नाही. दहा कनेक्शनं, प्रत्येक दोन सेकंद अडकलेलं, म्हणजे सेकंदाला पाच नोंदी. जेवण वीस मिलिसेकंदांत उरकलेलं, पण हात धुवायला दोन सेकंद लागतात म्हणून खुर्ची सोडायची नाही, असा प्रकार.

बूट ही गोष्ट लपवत नाही. ॲप्लिकेशन सुरू होताना दर वेळी इशाऱ्याची एक ओळ लॉगमध्ये येते. ती मी कित्येक महिने रोज पाहत होते. वाचली त्या दिवशी.

'ओपन इन व्ह्यू' बंद केलं. एसएमएस विनंतीतून काढून रांगेत टाकला, तो मागाहून जातो. पूल परत १० वर आणला. साडेसहा वाजले, सहा पन्नास झाले, लॉग शांत.

*

जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड बूट ३.२ पासून एका सेटिंगने चालू होतात. आमच्या टीममधला नवा मुलगा म्हणाला, "मॅडम, मग तर दोनशेची मर्यादाच गेली."

गेली, खरंच गेली. पण खुर्च्या दहाच आहेत. बाहेरचं दार रुंद केलं की गर्दी आतल्या दाराशी येते. कोणतीही मर्यादा उठवताना तिच्या मागची मर्यादा कोणती, हे आधी विचारायचं.

*

यामल फाइलमधली गंमत नव्हे, घात. केंद्रांच्या माहितीत एसटीडी कोड होते. पुणे ०२०, नाशिक ०२५३, नागपूर ०७१२. पडद्यावर आलं : १६, १७१, ४५८.

शून्याने सुरू होणारा आणि आठ-नऊ नसलेला आकडा यामलच्या जुन्या नियमात अष्टमान पद्धतीचा धरला जातो. ०२० म्हणजे दोन आठे सोळा. सातारा ०२१६२ सुद्धा यात सापडला, सोलापूरचा ०२१७ चुकला तसा अहिल्यानगरचा ०२४१ ही चुकला, आणि रायगडकडचा ०२१४१ ही. अवतरणचिन्हं घातली की सगळे जागेवर.

नियम : ज्याची बेरीज करत नाही तो आकडा नव्हे, ते नाव आहे. फोन, पिनकोड, सभासद क्रमांक, सगळे अवतरणात.

*

प्रॉपर्टीज फाइलमध्ये मराठी लिहिलं. पावतीच्या डोक्यावरचं वाक्य, सरळ देवनागरीत. छापून आलं ते विचित्र. प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हं, आणि प्रत्येक तिकडीची सुरुवात एकाच चिन्हाने : डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए.

कारण समजलं तेव्हा हे विद्रूप दिसणंही नीटनेटकं वाटायला लागलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच. जावाची प्रॉपर्टीज फाइल जुन्या परंपरेने लॅटिन-१ म्हणून वाचली जाते, म्हणजे एक बाइट एक अक्षर. म्हणून तीन तुकडे, आणि पहिला तुकडा कायम तोच.

उपाय तीन. अक्षरांचे युनिकोड क्रमांक लिहायचे, म्हणजे न साठी ०९२८. चालतं, पण माणसाला वाचता येत नाही. यामल वापरायचं, ते यूटीएफ-८ असतं. किंवा माणसांनी वाचायचा मजकूर सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवायचाच नाही, मेसेजच्या फाइलींमध्ये न्यायचा. त्या बूट यूटीएफ-८ म्हणूनच वाचतं. मी तिसरा घेतला. पावतीवर काय लिहायचं हा भाषेचा प्रश्न आहे, सर्व्हरचा नाही.

*

तीन बाइटवरून आठवलं. कॉम्प्रेशन आपोआप चालू नसतं. मराठी मजकूर भरलेला जेसन इंग्रजीपेक्षा जड, आणि केंद्रावरचं नेटवर्क कधी दोन काड्यांचं, कधी एका. एका ओळीच्या सेटिंगने सभासदांची यादी झटकन उघडायला लागली. २ केबीपेक्षा लहान उत्तरं तशीच जातात, ते बरोबरच आहे. चिठ्ठीसाठी कुणी पोतं शिवत नाही.

*

दर तक्ता कुठे ठेवायचा यावर वाद झाला. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला अमुक दर, वर-खाली झालं की पॉइंटमागे तमुक. नवा मुलगा म्हणाला, सेटिंगमध्ये टाकू, बदलायला सोपं.

नाही. जागा बदलली की जे बदलतं ते सेटिंग : डेटाबेसचा पत्ता, पोर्ट, पासवर्ड. दिवस बदलला की जे बदलतं तो व्यवहार. दराला तारीख असते, ठराव असतो, मागच्या महिन्याचं बिल पुन्हा काढायचं तर मागचा दर लागतो. सेटिंगच्या फाइलला कालचं काही आठवत नाही. दर डेटाबेसमध्ये गेला.

*

२०११ मध्ये हेरोकूच्या मंडळींनी बारा कलमांचा एक मसुदा मांडला, त्यातलं तिसरं कलम सेटिंगचं. त्यांची कसोटी मला फार आवडते : तुमचा सगळा कोड या क्षणी जगासमोर उघडा केला तर एखादं गुपित फुटेल का?

आमचं फुटलं असतं. डेटाबेसचा पासवर्ड जारमधल्या फाइलमध्ये होता, म्हणजे गिटमध्ये होता. फाइलमधून काढून टाकला, पण गिटच्या इतिहासात तो राहतोच. काढणं पुरेसं नसतं, पासवर्डच बदलावा लागतो. आता तो एन्व्हायर्नमेंटमधून येतो आणि फाइलमध्ये फक्त त्याच्या नावाची जागा आहे.

*

ॲक्च्युएटरचे पत्ते वेबवर उघडे करताना चांदणी घालून "सगळे" लिहू नये. बूट आपण होऊन फक्त 'हेल्थ' उघडं ठेवतं. बूट ३ पासून 'एन्व्ह'मधली मूल्यंही झाकलेली असतात. पण हीपडंप उघडा राहिला तर मेमरीत जे जे आहे ते सगळं बाहेर जाईल, पासवर्डसुद्धा. देखरेखीसाठी वेगळा पोर्ट देता येतो, आणि तो फक्त आतल्या नेटवर्कला दिसेल असं करता येतं. आम्ही तसं केलं.

*

नवी आवृत्ती चढवताना जुनी बंद करावी लागते. त्या क्षणी कुणाची नोंद अर्ध्यात असेल तर? बूट २.३ पासून सावकाश बंद होण्याची सोय आहे : नवीन विनंती घ्यायची नाही, आत असलेल्यांना तीस सेकंद द्यायचे. ३.४ पासून ती आपोआप चालू आहे.

पण डॉकर थांबायला सांगतो आणि न सांगितल्यास दहाच सेकंद वाट बघतो. मग मान धरून बाहेर काढतो. आपण दिलेले तीस, त्याने दिलेले दहा. जो बाहेर उभा आहे त्याचे खरे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवूनच ठरवायला हवेत.

*

आमच्या स्वतःच्या सेटिंगसाठी आता एक छोटा रेकॉर्ड आहे, कॉन्फिगरेशन प्रॉपर्टीजचं ॲनोटेशन लावलेला. मुदत ही मुदत म्हणून येते, आकारमान हे आकारमान म्हणून, आणि वेळेचा पट्टा रिकामा असेल तर ॲप्लिकेशन उठतच नाही. सुरुवातीला हे कडक वाटलं. पण रात्री दहाला माझ्यासमोर न उठलेलं ॲप्लिकेशन परवडतं. पहाटे पाच वीसला किटलीसमोर अडलेलं परवडत नाही.

*

प्रॉपर्टीज फाइलमध्ये देवनागरी मूल्यं बिघडतात, पण टिप्पण्यांना काही होत नाही. हॅशच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ कुणी वाचतच नाही, माणसाशिवाय. म्हणून आमच्या फाइलमध्ये प्रत्येक बदललेल्या आकड्यावर मराठीत दोन ओळी असतात : आधी किती होता, का बदलला. आणि काही आकडे न बदलताही मुद्दाम लिहिले आहेत, म्हणजे ते कुणीतरी पाहून ठेवले आहेत हे कळावं. पुलाच्या दहावर लिहिलंय : "वाढवण्याआधी कनेक्शन कोण धरून बसलंय ते बघा. एकदा ५० केला होता, डेटाबेस बसला."

परवा पहाटे पुन्हा नोंदी अडखळल्या. मला फोन आला नाही. नव्या मुलाने फाइल उघडली, दहाचा वीस करायला गेला, वरची ओळ वाचली आणि आधी डेटाबेसमध्ये पाहिलं. एक अहवाल सगळी कनेक्शनं धरून बसला होता. दहा दिवसांच्या बिलाचा, आदल्या रात्री सुरू झालेला. त्याने तो थांबवला.

ऑफिसला पोचल्यावर मी फाइल पाहिली. दहा तसाच होता. माझ्या ओळीखाली त्याची एक नवी ओळ होती, तारखेसह.